न वाजणारं फाटक

"वैनी, घरात दुसरं कोन हाय?" यजमानांच्या कारखान्यातल्या सोबत्यानं फोनवर एवढंच विचारलं. सगळं ठीक असलं तर असं कुणी विचारत नाही. "मी आन् आत्याबाई. काय झालंय ते सांगा," मी म्हणाले. तो सांगेचना... शेजारच्या कमलला फोन द्या म्हणाला. तिनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. माझे यजमान, देविदास, सकाळी डबा घेऊन गेले ते गेलेच. कामावर छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

ते साखर कारखान्यात फिटर होते आणि गंज सोडवायचा स्प्रे हे त्यांचं सगळ्या घरावरचं औषध होतं. एकात एक अडकलेले स्टीलचे गिलास सुटेनात, मार फवारा. नव्या डब्यावरचं चिकट लेबल निघेना, पिशवीची चेन अडली, छत्री उघडेना, कमलच्या नातवानं भिंतीवर रंगीत खडूनं रेघोट्या ओढल्या... फवारा. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सुजलेल्या बोटातली अंगठी कापायचीच वेळ आली होती, तीही त्यानंच निघाली. मी मूळची भित्री. एकदा गॅस पेटलेला असताना ते ओट्यावरच्या खिडकीच्या बिजागरीवर मारायला निघाले, तेव्हा मी आधी बटण बंद केलं आणि मग जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंनी गुडघा पुढं केला, "देवू, हितं बी मार की जरा," तर या बाबानं खरंच मारला. मायलेक हसत बसले आणि मी साबण-पाणी आणून गुडघा धूत बसले. माझ्या शिलाई मशीनला मात्र मी त्यांना हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर तेलकट डाग कोण खपवून घेणार?

घरात काही करकरलं की त्यांना चैन पडायचं नाही. "कारखान्यात आवाज आला की समजायचं, कायतरी मोडायलंय," असं म्हणायचे. म्हणून दर सुट्टीला दारं, खिडक्या, कपाट, पुढचं लोखंडी फाटक, सगळ्याच्या बिजागऱ्यांना फवारा बसायचा. आमच्याकडं कोण आलं, कोण गेलं, कानाला कळायचंच नाही. मला त्याचं कौतुक होतं. चार बायकांत सांगायचे मी.

आत्याबाईंच्या डोक्यात दोन वर्षांपासून काही राहत नाही. लेकाला अग्नी देताना त्या होत्या, टाहो फोडून रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "देवू जेवला का?" मी खरं सांगितलं. त्यांनी ते नव्यानं ऐकलं, पुन्हा तसाच टाहो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "कामावर गेलेत." खोटं बोलायची मला भीती वाटली, पण खऱ्याची जास्त वाटत होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. एका दुपारी मी आतल्या खोलीत ब्लाउज शिवत होते. अर्ध्या तासानं उठून बघते तर आत्याबाई नाहीत. फाटक उघडं. त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, आणि बाईंना समोरचं धड दिसत नाही. मी अनवाणी पळाले. ते गेले तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते, कारण तेव्हा माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. पुलाच्या अलीकडं एक ट्रॅक्टर थांबलेला, ड्रायव्हर खाली उतरलेला, आणि त्याच्या पुढं मातीत आत्याबाई बसलेल्या. मांडीवर रिकामा डबा. "देवूचा डबा ऱ्हायलाय गं," त्या मला म्हणाल्या.

फाटकाला कुलूप लावून पाहिलं. "मला कोंडलं," म्हणून त्यांनी गजांवर हात आपटून सोलून घेतले. घंटी बांधली, तर त्यांनी ती सोडून देवघरात नेऊन ठेवली, वर कुंकू लावून. मशीन थांबवून मी दर पाच मिनिटांनी उठायला लागले. शिवण उलटी पडायची, ताट घेतलं तरी दर घासाला फाटकाकडं बघायचे. शेवटी कमलच म्हणाली, "आगं, त्ये फाटक चारचौघांच्या फाटकावानी वाजलं असतं तर?"

मग मी धुण्याचा सोडा घेऊन बसले. त्यांच्या हातचं तेल बिजागऱ्यांतून चिंधीनं पुसून काढलं. चिंधी काळी व्हायची आणि तिला त्यांच्या शर्टाचा वास यायचा... मी रडत होते आणि घासत होते. नंतर रोज सकाळी खडेमिठाचं पाणी ओतायला लागले. त्यांनी इतक्या वर्षांत जपलेलं मी माझ्या हातानं गंजवत होते. त्यांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, असं रोज वाटायचं. तरी ओतत राहिले.

दहाव्या दिवशी मी हातानं बाही जोडत होते. बाहेर करकर झाली. धावत गेले. फाटक अर्धं उघडलेलं, आणि आत्याबाई त्याला हात लावून जागच्या जागी उभ्या. चेहऱ्यावर राग.

"हे वाजायलंय," त्या म्हणाल्या. "देवूच्या ध्यानात कसं आलं न्हाई? घरी आला की सांग त्याला, फवारा मार म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले, आणि त्यांना आत आणलं.

आता रोज दुपारी त्या फाटकापर्यंत जातात, ते एकदा वाजवून बघतात, आणि मला तेच सांगायला आत परत येतात.