सत्तारभाईंचं ‘चालंल’

आमच्या कॅसेट कंपनीतले चौघे भेटले की कोणी तरी सत्तारभाईंचं नाव काढतं, आणि मग चहा थंड होतो. मी बोलतो कमी. पण मी तिथं ढोलकी वाजवायचो, कॅसेटी भरायचो. त्यामुळे बरंच पाहिलं.

बाळापूरला भाईंची दोन खोल्यांची कंपनी. पण जिल्ह्यातला गाणारा भाईंच्या ‘चालंल’ शब्दासाठी तासन् तास बसून राहायचा!

*

भाई नवं गाणं आधी सेनगावला माणसं नेणाऱ्या जीपमध्ये वाजवायचे. स्वतः मागच्या सीटवर, गप्प. लोकांच्या गप्पा थांबल्या तर ‘चालंल’, नाही तर गाणं परत.

एका शाहिरानं जयंतीचं जोशातलं गाणं दिलं. संध्याकाळी विचारतो, “भाई, लोक काय म्हनले?”

“एका बाईचं लेकरू रडून राहिलं होतं. तुझ्या गाण्यानं झोपलं!”

*

न खपलेल्या कॅसेटी परत आल्या की त्यांच्यावरच दुसरं भरायचो. नवं कमी पडलं की शेवटी जुनं उरायचं.

कळमनुरीचा एक माणूस तणतणत आला. “लग्नाची गानी संपली, आन् मागून मयतीचं भजन लागलं!”

भाईंनी शांतपणे विचारलं, “वऱ्हाड उठून गेलं का?”

“न्हाई. बसून ऐकलं.”

“मंग भजनवाल्याचा आवाज बराबर हाय.”

*

माझी बायको कौसल्या जात्यावरची गाणी म्हणायची. भाईंनी ऐकलं आणि तिला माइकसमोर बसवलं. चाचणीला एकच कॅसेट भरली. पण जीपमध्ये बाजाराचा दिवस, कोणी कान दिला नाही.

“वैनी, न्हाई चालायचं,” भाई म्हणाले.

“मंग काहून गायला लावलं, भाई?”



दुसऱ्या वर्षी कौसल्या गेली. घरात तिचा फोटोही नव्हता. मी कॅसेट मागायला गेलो, तेव्हा कळलं. परतीच्या ढिगात ती कॅसेट होती. त्या ढिगातल्या कॅसेटींवर कव्वाली मीच भरली होती, आणि त्या विकायला गेल्याही होत्या.

 

*

मग सीडी आली, मोबाइल आले. कंपनीला कुलूप लागलं. भाईंना लकवा झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं.

एकदा त्यांची सून सांगत आली, “चाचा, दोन महिने झाले, अब्बा परत आलेल्या कॅसेटी ऐकून राहिलेत. एकेक, पार शेवटपर्यंत. आज खुणेनं तुमाला बोलावलं.”

गेलो. भाईंनी सेनगावच्या जुन्या, टेपवाल्या जीपकडे बोट केलं. धरून बसवलं त्यांना, मागच्या सीटवर. जीप खच्चून भरलेली. भाव, पाऊस, सोयरिकी, नुसता कलकलाट. भाईंनी खिशातली कॅसेट ड्रायव्हरकडे दिली.

कव्वाली लागली. कोणी ऐकेना. सेनगाव जवळ आलं तशी ती संपली. थोडी खरखर झाली.

मग कौसल्या गायला लागली. अर्धीच ओवी.

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. पुढची म्हातारी बोलता बोलता थांबली. मग तिच्या शेजारचा. मग सगळी जीप.

भाईंनी माझा हात धरला. तोंड हलवत राहिले, हलवत राहिले.

“चा... लंल.”