टीव्हीवाल्या बाई

‘बघितलंस ना? मग आता डोळे मिट आणि सांग.’

बाईंचं हे ठरलेलं वाक्य. मूल जत्रेतून येवो की सिनेमातून, बाई त्याला समोर उभं करायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि त्याच्याआधी स्वतःच डोळे मिटून घ्यायच्या. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. शाळा, घर, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि पुन्हा शाळा.

सत्तरचं दशक संपता संपता मी देवळाली कॅम्पजवळच्या त्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. जवानांची, दुकानदारांची, मळ्यावरच्या मजुरांची अशी सगळी मुलं एका सतरंजीवर. बाई तेव्हा त्यांना रेडिओवरचे पाठ ऐकवायच्या. एकदा समुद्राचा पाठ झाला. एकानं डोळे मिटून सांगितलं, ‘बाई, समुद्र खरखर करतो आणि मधेच बंद पडतो.’

आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्यानं ऐकलं तेच सांगितलं. त्याला समुद्र दाखवायला हवा.’

म्हणून गावात टीव्ही आल्यावर शाळेसाठी एक मिळवायला त्या हात धुऊन मागे लागल्या. वर्गणीसाठी पालकांना भेटल्या, बाजारात दुकानांच्या पायऱ्या चढल्या. हेडमास्तर कुरकुरले, ‘बाई, पोरं नाचगाणी बघतील.’

‘बघू देत, सर. दोन गाण्यांच्या मधे काहीतरी पदरात पडेल.’

शेवटी लाकडी दारांचा एक सेट शाळेत आला. संध्याकाळी सासऱ्यांना भरवून बाई शाळा पुन्हा उघडायच्या. मुलं पुढे, बाई मागच्या बाकावर भिंतीला टेकून. कार्यक्रम संपला की प्रश्न. मुलांना जाहिराती तोंडपाठ. शेतीच्या कार्यक्रमातलं एकाला फक्त पाहुण्यांचा कोट आठवला.

‘बरं, कोट तर कोट,’ बाई कपाळ चोळत म्हणाल्या. ‘रंग कोणता?’

‘निळा,’ मुलगा ठामपणे म्हणाला. आमचा सेट काळापांढरा होता.

वक्तृत्व स्पर्धेला दर वर्षी तोच विषय असायचा, ‘दूरदर्शन: शाप की वरदान?’ दोन्ही बाजूंची भाषणं बाईच लिहून द्यायच्या. ‘सकाळी शाप लिहिते, दुपारी वरदान. संध्याकाळी नुसतं डोकं दुखतं,’ म्हणायच्या.

अशातच एका हिवाळ्यात शेवंता वर्गात आली. पेठ तालुक्याकडचं, डोंगरातलं कुटुंब. भातकापणी आटोपून जवळच्या द्राक्षमळ्यावर कामाला आलेलं. पहिल्या दिवशी ती काहीतरी बोलली आणि तिच्या बोलीला सगळा वर्ग हसला. त्यानंतर पोरीनं तोंडच उघडलं नाही. संध्याकाळी मात्र टीव्हीपुढे सगळ्यांत आधी येऊन बसायची. मुलं बातम्यांना कंटाळून चुळबुळ करायची; ही ओठ हलवत बघत राहायची.

एका संध्याकाळी बाईंनी सवयीनं तिलाही विचारलं. शेवंतानं डोळे मिटले. अगदी बातम्यांच्या आवाजात म्हणाली, ‘नमस्कार. आमच्या पाड्यावरील विहीर आटली आहे. पाणी आणण्यासाठी महिला डोंगराखाली जात आहेत.’

कुणी हसलं नाही. बाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. घरी जाताना मला दोनदा म्हणाल्या, ‘ऐकलंत ना? बोलली पोर!’ त्या वर्षी ‘वरदान’चं भाषण शेवंतानं केलं आणि बक्षीस आणलं. इतक्या खुशीत मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तिचा बाप शाळेच्या दारात आला. आत येईना. चौकटीशी उभ्यानंच म्हणाला, ‘बाई, पोर लय हुशार झाली, पण आमच्यासंगं बोलत नाय. आजीनं हाक मारली तर सांगते, आधी नीट बोल. म्हातारी दोन दिस जेवली नाय.’

तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘टीव्हीनं शिकवलं हो तिला. नीट शिकवलं. पण नवं शिकताना घरातलं टाकून द्यायचं नसतं, हे सांगायला तिच्याशेजारी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी. आणि मी मागे भिंतीला टेकून डुलक्या घेत होते.’

त्या शनिवारी बाई मळ्यावर जाऊन आजीलाच शाळेत घेऊन आल्या. सेट बंद ठेवला. म्हातारीला खुर्ची दिली, पण ती जमिनीवरच बसली. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कणीस मूठ आवळल्यासारखं का दिसतं, याची गोष्ट तिनं सुरू केली. मुलांना निम्मे शब्द कळेनात. खुसखुस सुरू झाली. शेवंतानं गुडघ्यांत तोंड खुपसलं. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, पण तिला उठ म्हणाल्या नाहीत.

पुढच्या ओळीतला एक मुलगा ओरडला, ‘अगं, काय म्हणते ती? पुढं काय झालं?’

शेवंता उठली. सुरुवातीला बातम्यांच्याच आवाजात. ‘दुष्काळात एका म्हातारीकडे मूठभर दाणे राहिले होते. पाखरांनी नेऊ नयेत म्हणून तिने मूठ उघडली नाही.’ आजी एक वाक्य सांगायची, नात ते पुढे न्यायची. होता होता तो बातम्यांचा आवाज सुटला, आणि मधे एक शब्द आजीचाच आला. तो बदलून घ्यायला ती थांबली नाही. गोष्ट संपल्यावर म्हातारी समाधानानं म्हणाली, ‘हां. अशीच हाय ती.’

पावसाच्या आधी ते कुटुंब पेठला परतलं. पुढच्या हंगामात बाई मळ्यामळ्यावर विचारत फिरल्या. कुणी म्हणालं, ते आता गुजरातकडे जातात. त्या वर्षी बाईंनी दोन्ही भाषणं मला लिहायला सांगितली. ‘मला नाही हो ठरवता येत,’ एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे, नाशिकच्या कॉलेज रोडला राहायला गेल्या. तिथं मी त्यांना शेवटचं भेटले. घरात रंगीत टीव्ही मोठ्या आवाजात चालू होता. नातवंडं जमिनीवर पसरलेली, आणि बाई त्यांच्याच मधे, पाठीला उशी लावून. दृष्टी बरीच गेली होती. सून मला म्हणाली, ‘किती सांगितलं, आई, आत पडा, दिसत तर काहीच नाही. पण ऐकत नाहीत.’

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘मुलं इथं बसतात ना, म्हणून मीही इथंच बसते.’

धाकटा नातू झोपेला आला होता. पडद्यावरची नजर न काढता तो सरकत सरकत आला आणि त्यानं बाईंच्या मांडीवर डोकं टेकलं. बाईंनी चाचपडत त्याचा कान शोधला आणि आवाज लागू नये म्हणून त्यावर हात ठेवला.