चार नंबरच्या पायरीवर बाबा थांबले

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतेय, ते मुख्यतः खाली कमेंटमध्ये "झोप झाली नसेल" असं लिहायला. त्यामुळे आज कोणी माझी टिंगल केली तर तक्रार नाही, पेरलं तेच उगवलं म्हणेन. भूत, भास, संकेत... मी यातलं काहीही मानत नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे, उतारे सगळं एकदाचं घराबाहेर काढलं. आणि माझं कामही असं, की कोणी काही सांगितलं तर आधी म्हणायचं, "लॉग दाखव," म्हणजे मशीनने वेळेसकट ठेवलेली नोंद दाखव.

मी राहते जवाहरनगरला, भंडाऱ्याजवळ. बाबा इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि जवळच घर बांधलं. मी घरूनच काम करते. एक ओपन-सोर्स डेटाबेस आहे, म्हणजे माहिती साठवायचं असं सॉफ्टवेअर, जे जगभरातले लोक मिळून बनवतात आणि कुणालाही फुकट वापरता येतं. त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, मी लिहिते. कोड लिहिणारे नवरदेव, आणि आम्ही वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारे. पण दिवे नसले तर नवरदेव दिसणार कुणाला, असं मी टीमला नेहमी ऐकवते.

तर गेल्या मे महिन्यात आमच्या डेटाबेसमध्ये एक भोक सापडलं. काही सेटिंग्जमध्ये कोणीही परका माणूस दुसऱ्याची माहिती वाचू शकत होता. अशा वेळी पद्धत अशी, की दुरुस्ती तयार होईपर्यंत चकार शब्द बाहेर काढायचा नाही. आम्हा सात जणांनाच माहीत होतं. त्या सातांत मी पहिल्यांदाच! नव्या व्हर्जनबरोबर लोकांना हाताने काही पायऱ्या कराव्या लागणार होत्या, आणि त्या पायऱ्यांची नोटीस लिहायचं काम माझ्याकडे होतं. नोटीस गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला जाहीर व्हायची होती. आता अशी नोटीस चोरही वाचतात, आणि सगळ्यात आधी वाचतात. माझी एक पायरी चुकली तर माझं ऐकणाऱ्याचंच घर फुटणार. आठवडाभर मला जेवण गोड लागत नव्हतं.

नेमकं त्याच गुरुवारी आंबागडला मावशीच्या मुलाचं लग्न. मी येत नाही म्हटल्यावर आईचं तोंड एवढंसं झालं. "लोक विचारतीन न, पोरगी काहून नाही आली म्हनून," ती म्हणाली. गुपित असल्यामुळे कारणही सांगता येईना. बाबा मात्र म्हणाले, "राहू दे तिले. ड्यूटी हाय तिची." सकाळी दोघं गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर रणरण ऊन, घरात कूलरचा आवाज. नोटीसचा प्रिंट काढून मी दहाव्यांदा वाचत होते.

"झालं का तुयं?"

मान वर केली तर दारात बाबा. लग्नातले कपडे नाहीत, घरातलाच पांढरा शर्ट. मला काहीच वाटलं नाही. बाबांना गर्दी सोसत नाही, जेवण आटोपून आले असतील.

"लवकर आलात? लग्न लागलं?"

"ते राहू दे. हे कोनी वाचून देल्लं का तुले?"

"मीच वाचलं की. दहा वेळा."

"तूच लिवलं, तूच वाचलं, तूच करून पाह्यलं. असं कुठी रायते का? आन इकडं."

त्यांच्या फॅक्टरीतली रीत मी लहानपणापासून ऐकत आले होते. कागद एकाच्या हातात, काम दुसऱ्याच्या. वाचणाऱ्याने एकेक पायरी मोठ्याने वाचायची, करणाऱ्याने तेवढीच करायची आणि "झालं" म्हणायचं, मग वाचणाऱ्याने टिक करायची. वाचणाऱ्याने हात लावायचा नाही, करणाऱ्याने आठवणीने काही करायचं नाही.

गुपित फोडू नये हे मला कळत होतं. पण बाबांना त्यातलं काय उमगणार, असा शहाणा विचार करून मी कागद दिला. लॅपटॉपच्या आतच चालणारं एक कोरं, नकली मशीन सुरू केलं आणि त्यात जुनं व्हर्जन टाकलं. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून वाचू लागले. इंग्रजी अडखळत, पण एकही शब्द न गाळता. पहिली पायरी, बॅकअप, म्हणजे आहे त्या माहितीची प्रत बाजूला काढून ठेवायची. "झालं." टिक. दुसरी. "झालं." टिक. तिसरी. टिक. चौथी वाचली, मी केली, "झालं" म्हटलं... आणि टिक झालीच नाही. बाबा पाचवी मनातल्या मनात वाचत होते.

"थांब. कुलूप लावाच्या पयले दार काहून उघडून राहिली?"

मी दोन्ही पायऱ्या पुन्हा वाचल्या. चौथ्या पायरीत डेटाबेस नेटवर्कला खुला होत होता, आणि जुन्या सैल परवानग्या निघत होत्या पाचवीत! मधल्या वेळात दार सताड उघडं. माझ्या रोजच्या मशीनवरच्या जुन्या परवानग्या मी आठवडाभर आधी टेस्टिंग करताना काढून टाकल्या होत्या, म्हणून मला कधी दिसलंच नाही. बाकीच्या सहाजणांनीही अशाच वापरलेल्या मशीनवर करून पाहिलं होतं. मी स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीतून परकी म्हणून आत शिरून पाहिलं. सगळी माहिती समोर हजर.

मग काय धावपळ! टीमच्या प्रमुख बाईंना फोन, पायऱ्यांची अदलाबदल, पुन्हा सगळी चाचणी. आमच्यात प्रत्येक बदलाखाली तो कोणी तपासला त्याचं नाव लिहायची रीत आहे. मी क्षणाचाही विचार न करता बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, बदल पाठवला आणि तो लगेच स्वीकारलाही गेला.

"बाबा, वाचलो आपण!" म्हणून मी वळले. खुर्ची रिकामी.

स्वयंपाकघरात नाहीत, मोरीत नाहीत. पुढच्या दाराला आतून कडी. मागच्या दारात तर कूलरच ठेवलेला, तिथून मांजरही जात नाही. मी उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात आईचा फोन.

"अवं, तुया बापाचे नाच पाह्यले का? व्हिडिओ पाठवला पाह्य तुले. गुडघ्याले पट्टा बांधून नाचून राहिले!"

व्हिडिओ उघडला. मागे आंबागडचा डोंगर, पुढे बँड, आणि मधोमध गुलाबी फेटा बांधून दोन्ही हात वर करून आमचे बाबा! तोच माणूस ज्याला गर्दी सोसत नाही. माझ्या कोऱ्या मशीनच्या लॉगमध्ये पहिली पायरी दोन वाजून चार मिनिटांनी, तिसरी दोन अकराला. व्हिडिओ दोन नऊचा. आंबागडहून आमच्याकडे यायला दीड तास लागतो. आणि टेबलावर तो कागद... तीन टिका आणि चार नंबरभोवती गोल.

मी आधी हसले. मग फरशीवरच बसले. खरं सांगते, भीती वाटायला हवी होती, पण इतका आनंद झाला होता की भीतीला जागाच उरली नाही. कुणीतरी आपली चूक वेळेवर धरली, याचं सुख लिहिणाऱ्यालाच कळेल.

टीमला खरं काय ते कळवणं भाग होतं. मी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, व्हिडिओही जोडला. अर्ध्या तासाने बाईंचं उत्तर आलं, की त्या वेळी जो माणूस वरातीत नाचत होता त्याने गुपित वाचलं असं नियमाने म्हणता येत नाही, आणि बाबा नाचतात फार छान. साडेसहाला नोटीस गेली. त्या रात्री जगभरातून लोकांचे "सगळं नीट झालं" असे निरोप येत होते आणि मी आईने पाठवलेले लग्नाचे फोटो बघत रडत-हसत होते.

पण मंडळी, खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. बाबा परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते चिडले.

"मी पाह्यलं नाही, तपासलं नाही, मंग माहं नाव काहून लिवलं? आखी नोकरी गेली, न पाह्यता कुठी सही नाही केली मी!"

"पण बाबा, हा कागद बघा. टिका कुणाच्या?"

त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. "हात माहाच दिसते," ते हळू म्हणाले. "पन मी नाही केल्या."

"आता नाव खोडताही येत नाही. जाहीर झालेली नोंद आम्ही बदलत नाही."

"मंग आन तो नवा कागद. पुरा वाचतो. मंगच नाव राहीन."

तीन तास बसले हो ते! आई जेवायला हाका मारून दमली. मी कोरं मशीन पुन्हा उघडलं. एकेक पायरी, एकेक "झालं". सगळं सुरळीत. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी तो सोडला नाही.

"तो पयला बाजूले काढून ठेवला माल... बॅकअप का काय तो. त्यात जुनंच भरलं हाय न?"

"हो."

"त्याले चिठ्ठी लावली का? आमच्यात खराब माल बाजूले काढला का त्याले लाल चिठ्ठी लावत. नाहीतं दोन वर्सानं कोनी नवा मानूस येते न तोच माल वापरते."

अगदी बरोबर होतं! कोणी तो बॅकअप पुढे कधी परत भरला असता, तर जुन्या सैल परवानग्याही त्याच्यासोबत परत आल्या असत्या. सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तासाभरात नोटीसमध्ये दोन ओळींचा इशारा वाढला, आणि खाली तपासणाऱ्याचं नाव पुन्हा बाबांचं. बाईंनी या वेळी नुसती फुलांची चित्रं पाठवली, ओळभर.

तर आज आमच्या डेटाबेसच्या इतिहासात बाबांचं नाव दोनदा आहे. माझी सगळी कारणं शोधून झाली. ऊन, थकवा, माझाच हात, माझंच मन. दार, घड्याळ आणि तो कागद कुठल्याच कारणात बसत नाहीत. बाबांना मी परवा दोन्ही नोंदी स्क्रीनवर दाखवल्या. त्यांनी दुसरीवर बोट ठेवलं.

"ही माही," ते म्हणाले. "पयली कोनाची, ते तू पाह्य."

मी अजून पाहतेच आहे.