एकाच दिवशी पेरलेलं रान

आमच्या शेतावर हुरडा खायला नाशिकहून, मुंबईहून गाड्या येऊ लागल्या, तेव्हा शेजारचं रान कसणारे थोरले दीर बांधावर उभे राहून हसायचे. "गोठा पाहायला पैसे मोजत्यात. लय शहाणी माणसं हायेत," म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

गाड्या वाढल्या तसं हसणं थांबलं. एका हिवाळ्यात सिन्नरच्या रस्त्यावर, आमच्या फाट्याच्या अलीकडेच, त्यांचा भलामोठा फलक लागला. बैलगाडीची फेरी, झाडाला झोके, चुलीवरचं जेवण, सगळं आमचंच उचललेलं. कणसं तेवढी त्यांनी बाजारातून आणली. तेही मी गिळलं असतं. शेत ज्याचं त्याचं. पण दरवर्षी येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. तुमच्याकडे यायचं होतं, म्हणाल्या, पण तुमचे दीर फाट्यावरच भेटले. ती बाई आता करत नाय, बंद झालं तिचं, असं म्हणाले.

या घरात आल्यापासून पहिलं ताट मी त्यांना वाढत आले होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे, घरचेच हायेत." मी जाऊ दिलं नाही, फक्त बोलले नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच ज्वारी पेरली, आणि सगळं रान एकाच दिवशी. दाण्यासाठी ज्वारी करणाऱ्याला तशीच सवय असते. पण हुरड्याचं कणीस कोवळं राहतं ते जेमतेम आठवडाभर. म्हणून आम्ही थोडं थोडं रान मागेपुढे पेरतो, म्हणजे हिवाळाभर कुठला तरी पट्टा खायला तयार असतो. नवऱ्यानं विचारलं, "सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "सांगा, आणि जेवायलाही तिकडंच जा." मग मी रोज बांधावरून ते रान एकसारखं वाढताना पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

नाताळच्या सुट्टीत त्यांच्या दारात बस भरून पाहुणे उतरले. पण तोवर सगळं रान एकदमच निबर झालेलं; आगटीत भाजून काढलेला दाणा दाताखाली खड्यासारखा. थोड्या वेळानं दीर रिकामी पाटी घेऊन आमच्या बांधावर आले.

"दोन पाट्या कणसं दे, बाई. पाहुणे बसून हायेत."

"कणसं बांधापलीकडं नाय जायची, भाऊजी. पाहुण्यांना इकडं आणा."

आणावेच लागले. आमच्या आगटीभोवती सगळे बसले. गरम हुरडा, दही, लसणाची चटणी. पहिली पत्रावळ मी रीतीप्रमाणे दिरांनाच वाढली.

निघताना एका बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी फोन कुणाला करायचा? यांना की तुम्हाला?"

"मला करा," मी म्हणाले. "हे आता करत नाहीत. बंद झालं यांचं."

दीर अजून पत्रावळीवर मान खाली घालून बसले होते. मी त्यांना आणखी चटणी वाढली.