ट्रूथ, ट्रोथ आणि भडंग

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं देणारा माणूस बघायचा असेल, तर सांगलीत आमच्या शेजारी या. इंग्रजीचे निवृत्त सर. साठी उलटली, लग्न नाही, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. व्यसन एकच, जुनी इंग्रजी. "चहा घेणार का?" असं विचारलं, की ‘चहा’ हा शब्द कुठल्या जहाजातून आला इथून सुरुवात. तोवर चहा गार आणि आमच्या हिचं डोकं गरम. एकदा भर बाजारात त्यांच्या पायावरून सायकल गेली, तर शिवीसुद्धा त्यांनी तीनशे वर्षांपूर्वीची निवडली. सायकलवाला "थँक्यू सर" म्हणून निघून गेला.

अशा माणसावर जीव जडला तो आमच्या गल्लीतल्या भडंगवाल्या आक्कांचा. मूळच्या कवठे महांकाळच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हात तिखट आणि तोंड त्याहून. सर रोज संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर बसून भडंग खात आणि शब्द सोलत. आक्का कौतुकानं ऐकत. शेवटी एक दिवस माझ्यादेखतच त्यांनी विचारलं, "सर, लेक लोणंदला कायमचं चल म्हणून मागं लागलीया. ऱ्हाऊ का जाऊ? तुमच्या मनात काय हाय ते खरं सांगा."

सरांनी भडंगाचा कागद खाली ठेवला. "खरं म्हणजे ट्रूथ," ते म्हणाले, "आणि त्याचा जुना भाऊ ट्रोथ. कानाला जवळजवळ सारखेच, मूळही एकच. पण ट्रूथ म्हणजे जे आहे ते, आणि ट्रोथ म्हणजे दिलेला शब्द. लग्नात देतात तो." आता हा माणूस बोलणार, असं वाटून मी घास तसाच धरून बसलो.

"आवं, मग ह्यातलं तुमी मला काय द्यायला लागलाय?"

"तोच तर मुद्दा! पूर्वी या दोघांत फरकच नव्हता..." आणि सर अर्धा तास फरक सांगत राहिले. आक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "लय छान सांगता, सर," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दुकानाला कुलूप लागलं.

परवा सर आमच्याकडं आले आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकला. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली. म्हटलं, "सर, लोणंदला गाडी जाते अजून. जा आणि नुसतं हो म्हणा."

"म्हणेन की रे," सर म्हणाले. "पण आता त्यांनी विचारायला हवं ना?"