माहेरी गेलेली चंद्री

२००३ सालची दिवाळीची सुट्टी. कुठं जावं याचा घोळ घालत होते, तोच मावसबहीण सुनंदाचा फोन आला. ती सटाण्याला जनावरांची डॉक्टर. "नाशकात लस न्यायला येतेय. चल माझ्याबरोबर, पेटी धरायला कुणीतरी हवंच आहे."

सहलीचं असलं आमंत्रण कुणाला आलं असेल तर सांगा.

पिंपळगाव, सोग्रस फाट्यावरून डावीकडे, भावडबारी घाट, देवळा. तुम्ही गेलात तर घाटात जरूर थांबा. आम्ही थांबलो नाही. लाळ-खुरकताची लस गार राहिली तरच कामाची, म्हणून मोटारसायकलवर मागे मी, मांडीवर बर्फाची पेटी. देवळ्याला चहासुद्धा उभ्यानं. माझा पारा पार चढला होता. सटाण्यात शेवभाजी-भाकरी मिळाली तेव्हा कुठं उतरला. पंधरा रुपयांत पोटभर.

दुपारी जवळच्या एका वस्तीवर गेलो. शेजारच्या गावात साथ येऊन ठेपली होती. म्हाताऱ्या जिजाबाईंनी तीन गाई पुढं केल्या. सुनंदानं टोचता टोचता विचारलं, "मावशी, चंद्री कुठंय?"

"ती माहेरले गयी."

तेवढ्यात कांदाचाळीमागून चंद्री हंबरली. मला हसू आवरेना.

सुनंदानं मला नंतर सांगितलं, इथं सगळेच असं करतात. सुई टोचली की चार दिवस दूध घटतं, म्हणून सगळ्यात दुधाळ गाय लपवायची. जिजाबाईंचं घर तर चंद्रीच्याच दुधावर चालायचं.

"राहू द्या मावशी," सुनंदा म्हणाली. "साथ आली की या तिघी वाचतील. चंद्री एकटी सापडेल."

जिजाबाई उठून चाळीमागं गेल्या. स्वतःच चंद्रीला घेऊन आल्या. "मार बेटी सुई. पन तिनं तोंड मना हातमा राहू दे," म्हणत त्यांनी चंद्रीचं तोंड स्वतःच्या हातांत धरलं.

शेजारच्या सखारामआप्पांनी मात्र, आपली चांगली गाय विकली म्हणून सांगितलं. आम्ही निघालो.

नाशकात परतल्यावर पाठदुखी आठवडाभर पुरली. घरी मी चंद्रीच्या माहेराची गोष्ट रंगवून सांगायची, सगळे हसायचे.

महिन्याभरानं सुनंदाचा फोन आला. साथ वस्तीवर येऊन गेली होती. चंद्री ठणठणीत, दूधही पूर्ववत. आप्पांची न विकलेली गाय गेली.

"मग आता त्यांच्याकडे दुधाचं काय?" मी विचारलं.

"लहान नातू आहे ना घरात. जिजाबाई रोज सकाळी चंद्रीला आप्पांच्याच दारात नेऊन पिळतात."

ती गोष्ट मी अजून सांगते, पण आता हसवायला नाही.