निराधारांची यादी

संघपाल बाळापूरहून रोज एसटीनं अकोल्याला यायचा. तिथल्या एका सरकारी कचेरीत तो कंत्राटी ऑपरेटर होता. निराधार विधवांचे अर्ज तो कॉम्प्युटरवर चढवायचा. नवरा कधी वारला, घरात कोण असतं, फोन, आधार, सगळं त्याच्या हातून जायचं. म्हाताऱ्या त्याला बापू म्हणायच्या.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्याला दिसलं, की आदल्या दिवशी कोणीतरी साहेबांच्या लॉगिननं अख्खी यादी उतरवून घेतली होती. साहेबांचा पासवर्ड कचेरीत सगळ्यांनाच पाठ होता. तो हेडक्लार्क चंद्रभानजींकडे गेला.

"भाऊ, काल कचेरी बंद असताना कोनीतरी यादी नेली."

"नेली म्हंजे? इथंच त हाय."

"नक्कल नेली."

"मंग आपलं काय गेलं? रांडमुंड बायांच्या यादीचं कोन काय करन? चाय पी."

तरी संघपालनं साहेबांना लेखी कळवलं. कागद फायलीला लागला.

तीन आठवड्यांनी पार्बताबाई खिडकीशी आली. "बापू, तुह्या हापिसातून फोन आलता. त्याले माह्या बुढ्याच्या मरनाची तारीख मालूम. मी एकटी रायतो, हेबी मालूम. त्यानं मोबाइलवर आलेला आकडा मांगला, मी देल्ला. खातं साफ झालं."

दुसऱ्या दिवशी अजून चौघी आल्या.

साहेबांनी संघपालला बोलावलं. समोर त्याचाच कागद होता.

"कचेरीत कोणाला काही कळलं नाही. तुलाच कसं कळलं?"

"मी त तुमाले आधीच सांगितलं होतं, साहेब."

"तेच विचारतोय."

चंद्रभानजी रजिस्टरातून मान वर काढेनात. संघपालचा मोबाइल चौकशीसाठी जमा झाला, कंत्राट संपलं. त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही, पण तसं कोणी लिहूनही दिलं नाही. ऑपरेटरनं यादी विकली, ही बोलवा मात्र गावोगाव पोचली.

यादीतल्या बाळापूरच्या बाया त्याला आठवत होत्या. तो दारोदार सांगत सुटला, की फोनवर कोणाला आकडा सांगू नका. दोघींनी ऐकून घेतलं. मैनाबाईनं त्याला पाहून कडी लावली.

"जाय इथून. पोलीस हाय तुह्या मांगं."

"मावशी, एवढं आयक फक्त."

आत फोन वाजला. त्यानं दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी मारली. आतून मैनाबाईचा आवाज आला, अदबीचा, "हव साहेब, एकटीच हाय. बोला."